गुलाबी शहरातला पिवळा दिवा

जयपूरला नवी गाडी घेतली की ती आधी घरी जात नाही, मोती डुंगरीला जाते. या टेकडीच्या पायथ्याशी गणपतीचं देऊळ आहे. सेठ जयराम पालीवाल यांच्या देखरेखीखाली ते १७६१ साली उभं राहिलं. बुधवार हा इथला मोठा वार. त्या दिवशी देवळासमोर स्कूटर, रिक्षा, घरगुती मोटारी यांची रांग लागते. पुजारी येतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, हार घालतो. घरातली मोठी माणसं नारळ फोडतात, लहानगी मागच्या सीटवर उड्या मारतात. आपल्याकडे दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतात, तोच हा भाव.

अलीकडे या रांगेत बुटक्या, रुंद चाकांच्या, जमिनीला पोट लावून चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारही दिसतात. हार बॉनेटला मिळतो, कुंकू काचेला मिळतं. गाडी जिथे रस्त्याला टेकते त्या चार जागांकडे मात्र फारसं कुणी वाकून बघत नाही. एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. लाखांची असो की कोटींची, गाडी पळते, वळते, थांबते ती या चार तळहातांवर. हे तळहात झिजले की डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा मालकाला ते सांगू लागतो. तो दिवा काय म्हणतो, हे समजून घ्यायला मोती डुंगरीहून दोन-तीन किलोमीटरवरचं जवाहर नगर ही फार चांगली जागा आहे.

तीन जवाहर, एक नगर

जयपूरला पहिल्यांदा येणाऱ्या मराठी प्रवाशाचा 'जवाहर' या नावाने हमखास गोंधळ उडतो. विमानतळाजवळचं वाटोळं उद्यान म्हणजे जवाहर सर्कल. चार्ल्स कोरिया यांनी नऊ चौकोनांच्या रचनेत बांधलेलं कलाकेंद्र म्हणजे जवाहर कला केंद्र. ही दोन्ही ठिकाणं जवाहरलाल नेहरू मार्गाच्या वाटेवर. जवाहर नगर मात्र त्यांच्या पूर्वेला, झालाना डोंगराच्या कुशीत आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'जवाहर' सांगितलं तर तो तीनपैकी कुठेही नेऊ शकतो!

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेलं जुनं गुलाबी शहर तटाच्या आत आहे. जवाहर नगर तटाबाहेरचं, स्वातंत्र्यानंतर वाढलेल्या जयपूरचं. शेजारी आदर्श नगर आणि राजा पार्क. फाळणीनंतर आलेल्या सिंधी आणि पंजाबी कुटुंबांनी या बाजूला बस्तान बसवलं, दुकानं थाटली. म्हणून हवामहल पाहून झाल्यावर खवय्ये संध्याकाळी राजा पार्कची वाट धरतात. जवाहर नगर सेक्टरांत विभागलेलं आहे. सरळ गल्ल्या, दुमजली-तिमजली घरं, दारात झाड आणि झाडाखाली मोटार.

वस्तीच्या पूर्वेला डोंगर आहे. त्याच्या पायथ्याने जवाहर नगरचा बायपास जातो आणि उतारावर कष्टकऱ्यांची मोठी दाट वस्ती आहे. डोंगरापलीकडच्या झालानाच्या जंगलात बिबटे राहतात आणि त्यांना पाहायला जीपसफारी निघते. उत्तरेला ट्रान्स्पोर्ट नगर. तिथे ट्रकांच्या रांगा, गॅरेजं, स्पेअर पार्टची दुकानं, जुन्या टायरांचे ढीग. तिथून पुढे घाट की गुणी आणि आग्र्याचा रस्ता.

म्हणजे एकाच वस्तीच्या आसपास गाडीची सगळी रूपं भेटतात. पूजा झालेली नवी गाडी, दारात उभी असलेली हौसेची गाडी, रोजीरोटीचा ट्रक आणि शेवटी ढिगात पडलेला टायर. या साखळीत सर्वांत कमी बोललं जातं ते टायरबद्दल, आणि सर्वांत जास्त भार असतो तो टायरवरच.

स्पोर्ट्‌स कारची चाकं लवकर का झिजतात?

साध्या घरगुती मोटारीचे टायर नीट वापरले तर ४०-५० हजार किलोमीटर सहज चालतात. स्पोर्ट्‌स कारचे मागचे टायर अनेकदा १५-२० हजारांतच गोटा होतात. मालक चिडतो, दुकानदाराला दोष देतो. पण खोट मालाची नसते, यामागे साधी कारणं आहेत.

पहिलं कारण रबराचं. वेगात वळताना रस्ता घट्ट धरून ठेवायचा तर रबर मऊ हवं. मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं. पकड आणि आयुष्य या दोन गोष्टी एकाच टायरमध्ये भरपूर मिळत नाहीत.

दुसरं कारण ताकदीचं. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना जाते. सिग्नल सुटताच झपकन निघण्याची हौस मागच्या टायरांच्या खात्यातून वसूल होते. अशा गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंदही असतात. त्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे करून झीज सारखी वाटून घेण्याचा घरगुती उपाय इथे चालत नाही.

तिसरं कारण सर्वांत फसवं आहे. वळणावर टायर पूर्ण टेकावा म्हणून अशा गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असतात. सरळ रस्त्यावर त्यामुळे टायरची आतली कड जास्त घासते. बाहेरून पाहावं तर नक्षी छान दिसते, आतली कड मात्र तारा दिसेपर्यंत गेलेली असते. उभ्या गाडीकडे नुसतं पाहून हे कळत नाही. गाडी लिफ्टवर चढवावी लागते किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारून बघावं लागतं.

त्यात आपल्या रस्त्यांची भर. स्पोर्ट्‌स कारच्या टायरची भिंत बुटकी असते. खड्ड्यात किंवा आडव्या गतिरोधकावर आदळलं की तिला दणका सोसत नाही. आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. फुगा आलेल्या टायरवर लांबच्या प्रवासाला निघणं म्हणजे फुटण्याची वेळ ठरवून निघणं.

कायद्याने मर्यादा ठरवून दिलेली आहे. मोटारीच्या टायरवरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. नव्या टायरवर ती साधारण ८ मिलिमीटर असते. मोजायला यंत्र लागत नाही. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ही कायद्याची शेवटची पायरी झाली. ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते.

पिवळा दिवा कधी लागतो?

आता त्या दिव्याकडे. डॅशबोर्डवर एक छोटं चित्र असतं. मोटार आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा. हा 'स्टॅबिलिटी कंट्रोल'चा, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा दिवा.

जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझने बॉश कंपनीच्या मदतीने १९९५ मध्ये ही यंत्रणा पहिल्यांदा आपल्या महागड्या गाडीत बसवली. तिचा बोलबाला झाला तो दोन वर्षांनी, एका फजितीमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने मर्सिडीजच्या छोट्या 'ए-क्लास' गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर आलं तर झटकन बाजूला होऊन परत ओळीत यायचं, अशी ती चाचणी होती. गाडी चक्क उलटली! जगभर बातमी झाली. कंपनीने विक्री थांबवली, गाडीत सुधारणा केल्या आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये तोल सांभाळणारी यंत्रणा बसवून दिली. तोवर श्रीमंतांपुरती असलेली ही सोय मग हळूहळू साध्या गाड्यांतही आली. भारतातही १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाडीत ही यंत्रणा असावीच लागते.

तिचं काम समजायला सोपं आहे. चालकाने स्टिअरिंग किती वळवलं हे एक संवेदक सांगतो. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, किती कडेला ढकलली जातेय, हे दुसरे सांगतात. चारही चाकं किती वेगाने फिरताहेत याची खबर प्रत्येक चाकाजवळचा संवेदक देतो. संगणक सेकंदाला साधारण २५ वेळा हा ताळा जुळवतो. चालकाला जायचंय डावीकडे आणि गाडी सरकतेय सरळ, असं दिसलं की तो नेमक्या एका चाकाला ब्रेक लावतो, गरज पडली तर इंजिनाचा जोरही कमी करतो. गाडी पुन्हा ओळीवर येते. सगळं इतक्या झटपट होतं की चालकाला फक्त दिवा लुकलुकलेला दिसतो. या यंत्रणेमुळे एकट्या मोटारीचे जीवघेणे अपघात सुमारे निम्म्याने घटतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासांतून दिसलं आहे.

दिव्याची भाषा तीन शब्दांची आहे. दिवा लुकलुकला, तर यंत्रणा त्या क्षणी काम करतेय. गाडी घसरू पाहत होती, तिला सावरलं. दिवा सतत जळत राहिला, तर यंत्रणेत दोष आहे. दिव्याजवळ 'ऑफ' असं लिहून आलं, तर कुणीतरी बटण दाबून ती बंद केली आहे.

इथेच टायरचा संबंध येतो. कोरड्या, सरळ रस्त्यावर साधा वेग घेतानाही दिवा वारंवार लुकलुकू लागला, तर मालकाला वाटतं, संगणक बिघडला. अनेकदा संगणक ठणठणीत असतो, टायर संपलेले असतात. पकड सुटतेय म्हणून तो बिचारा पुन्हा पुन्हा धावून येत असतो.

दुसरा प्रकार टायर बदलल्यावर दिसतो. पैसे वाचवायला एकच टायर नवा घातला किंवा दोन वेगवेगळ्या मापांचे घातले. नव्या टायरचा घेर मोठा, झिजलेल्याचा लहान. लहान चाक तेच अंतर कापायला जास्त फेरे घेतं. संगणकाला वाटतं, हे चाक घसरतंय! मग दिवा लागतो, कधी यंत्रणा नको तेव्हा मध्ये पडते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत तर या फरकाने मधले गिअर झिजून मोठा खर्च उभा राहतो. म्हणून अशा गाड्यांचे टायर निदान जोडीने, आणि कंपनीने सांगितलं असेल तर चारही एकदम बदलतात. अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंगच्या संवेदकाला 'सरळ' म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागतं. ते राहून गेलं तरी दिवा लागतो. चाकाजवळच्या संवेदकावर चिखल साचला किंवा बॅटरी अशक्त झाली, तरीही लागतो.

"साहब, लाइट आ रही है, पर गाडी तो चल रही है," हे वाक्य उत्तर भारतातल्या गॅरेजात सर्रास ऐकू येतं. गाडी चालते, हे खरंच. संकटाच्या एका सेकंदात तिला सावरणारा हात मात्र तेव्हा हजर नसतो.

वाळू, ऊन, पाऊस आणि थंडी

जयपूरचं हवामान टायरची परीक्षा वर्षभर घेतं. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून धुळीची वादळं येतात. आंधी ओसरली की रस्त्यावर बारीक वाळूचा थर राहतो. पायाखाली मोहरी सांडावी तशी ही वाळू टायरखाली गोल गोल फिरते. कोरड्या रस्त्यावरही गाडी घसरते आणि दिवा लुकलुकतो.

त्याच दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डांबर त्याहून कितीतरी तापतं. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि आतून तापते. वरून ऊन, खालून डांबर, आतून ही उष्णता, शिवाय वेग आणि सामानाचा भार. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा हीच मंडळी एकत्र आलेली असतात. 'उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी' हा सल्ला म्हणूनच घातक आहे. हवा कंपनीने सांगितली तेवढी ठेवावी आणि टायर थंड असताना मोजावी.

जुलै-ऑगस्टचा पाऊस थोड्या दिवसांचा, पण पडतो तेव्हा झोडपून काढतो. डोंगरावरचं पाणी माती घेऊन खालच्या वस्त्यांत उतरतं. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात शहराच्या पूर्व भागात डोंगरातून वाहून आलेल्या गाळात मोटारी गाडल्या गेल्या होत्या. टायरवरच्या खाचांचं खरं काम अशा वेळी कळतं. त्या पाणी बाजूला सारतात. खाचा उथळ झाल्या की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा शिरतो आणि गाडी होडीसारखी तरंगते. स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. रुंद टायर तर पाण्यावर अधिक लवकर चढतो. तोल सांभाळणारी यंत्रणा जागी असते, पण ती ब्रेक लावणार तो चाकाला. चाकच रस्त्याला टेकलेलं नसेल तर तिने काय करावं?

थंडीत वेगळीच गंमत. मराठी पर्यटक जयपूरला येतात ते बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दुपारी ३० अंशांच्या उन्हात हवा भरलेली गाडी पहाटे ८ अंशांत उभी असते. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड-दोन पीएसआयने कमी होतो. त्यामुळे पहाटे आमेरच्या किल्ल्याकडे निघताना घोड्याच्या नालेसारखा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला आणखी एक पिवळा दिवा लागतो. तो हवेच्या दाबाचा. प्रत्येक वेळी पंक्चरच असतं असं नाही, पण उतरून दाब मोजायला दोन मिनिटं पुरतात. अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये स्टेपनी नसतेच. दाबाचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर भरायचा संच असेल तर स्टेपनीवाचूनही चालेल, असा नियम भारतात २०२० मध्ये झाला. अशा गाडीत हा दिवा दुर्लक्षून चालत नाही.

बोगद्यापलीकडे

जवाहर नगरातून ट्रान्स्पोर्ट नगर ओलांडलं की घाट की गुणीची खिंड लागते. जयसिंगांनी आपल्या सिसोदिया राणीसाठी १७२८ मध्ये बांधलेला बाग इथेच आहे. कारंजी, मजल्यामजल्यांनी उतरत जाणारे वाफे, भिंतींवर राधाकृष्णाची चित्रं. जवळच गलताजीची कुंडं आणि तिथली माकडं. पूर्वी आग्र्याची सगळी वाहतूक या खिंडीतल्या वळणांवरून रांगत जायची. आता डोंगरातून बोगदा आहे. गाडी एका बाजूने शिरते आणि काही क्षणांत मोकळ्या आग्रा रस्त्यावर येते.

पुढे बगराणाजवळून बांदीकुईला जाणारा सुमारे ६७ किलोमीटरचा नवा जोडरस्ता फुटतो. २०२५ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाला मिळाला. त्या महामार्गाचा सोहना ते दौसा हा २४६ किलोमीटरचा टप्पा १२ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाला होता. बांदीकुईजवळच आभानेरीची चांद बावडी आहे. सुमारे साडेतीन हजार पायऱ्यांची, १३ मजले खोल गेलेली ही प्राचीन विहीर पाहायला आता जयपूरहून सकाळी निघून जेवायच्या वेळेला परतता येतं.

सोय मोठी झाली, तशी जबाबदारीही. शहरात ताशी ४० च्या वेगाने जाणारा झिजका टायर कुरकुरत का होईना, निभावून नेतो. द्रुतगती मार्गावर ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगाने तासभर सलग धावताना टायरची प्रत्येक उणीव बाहेर येते.

महाराष्ट्राने हा धडा घेतला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग वाहता झाला. पहिल्याच काही महिन्यांत अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्यांत टायर फुटण्याचं कारण वारंवार पुढे आलं. तेव्हा परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. गोटा झालेले टायर दिसले की गाडी परत पाठवली गेली. लोकांनी कुरकुर केली, पण गाडीतून उतरून स्वतःच्या टायरकडे बघण्याची वेळ अनेकांवर पहिल्यांदाच आली.

'दैवी आपत्ती' नव्हे!

टायर फुटला की 'नशीब' म्हणायची आपली रीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती मोडून काढली. प्रकरण जुनं होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचं मागचं चाक वेगात असताना फुटलं, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि ३८ वर्षांचा एक प्रवासी जागीच गेला. मागे पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि वृद्ध आईवडील. लवादाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई दिली. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, चालकाचा निष्काळजीपणा नाही, असं तिचं म्हणणं.

न्यायालयाने ते मानलं नाही. ज्यावर माणसाचा ताबा चालत नाही अशी निसर्गाची आपत्ती ती दैवी. टायर फुटण्यामागे जादा वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणं असतात. प्रवासाआधी टायर तपासणं हे चालकाचं काम आहे, असं न्यायालयाने बजावलं आणि भरपाई कायम ठेवली.

गाडी स्पोर्ट्‌स कार असली तर या बजावण्याला आणखी धार येते. हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात मोटार अपघातात गेला. 'फास्ट अँड फ्युरिअस' चित्रपटांमुळे वेगवान गाड्यांशी त्याचं नाव कायमचं जोडलेलं. त्या दिवशी तो आपल्या मित्राशेजारी बसला होता. गाडी २००५ ची पोर्श करेरा जीटी, ताकद सहाशे अश्वशक्तीच्या वर. या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतंच. तपासात आढळलं की, ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या वेगात होती आणि तिचे टायर नऊ वर्षांचे होते. वेग हे मुख्य कारण ठरलं. इतक्या जुन्या टायरांमुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असावा, असंही तपास करणाऱ्यांनी नोंदवलं.

नक्षी शाबूत असली तरी रबराला वय असतं. हौसेच्या गाड्या फार धावत नाहीत. वर्षातून चार-सहा वेळा झाकण काढून बाहेर निघतात. किलोमीटर कमी, म्हणून टायर नवे, असं मालक धरून चालतो. ऊन आणि हवा लागून रबर मात्र कडक होत राहतं, त्याला बारीक चिरा पडतात. टायरच्या भिंतीवर जन्मतारीख छापलेली असते. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी निरोप, असं टायर कंपन्याच सांगतात.

त्याच रबराचा पाय

जवाहर नगरच्या दक्षिणेला, त्याच डोंगराच्या बाजूने मालवीय नगर लागतं. तिथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं केंद्र आहे. 'जयपूर फूट' बसवायला देशभरातून आणि परदेशांतूनही माणसं इथे येतात. पैसे घेतले जात नाहीत.

या पायाचा जन्म १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात झाला. डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद आणि रामचंद्र शर्मा हे फार न शिकलेले, पण हातात जादू असलेले कारागीर. परदेशी बनावटीचे कृत्रिम पाय घालून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे. शर्मा योग्य मालाच्या शोधात होते. असं सांगतात की, एकदा त्यांच्या सायकलचं चाक पंक्चर झालं म्हणून ते दुकानापाशी थांबले. तिथे ट्रकच्या जुन्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम चाललं होतं. ते पाहून त्यांना कल्पना सुचली आणि रबराचा, वाकणारा, पाण्यात न खराब होणारा पाय तयार झाला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी तमिळनाडूत बसच्या अपघातानंतर मुंबईच्या सुधा चंद्रन यांना पाय गमवावा लागला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या आणि १९८६ च्या 'नाचे मयूरी' या चित्रपटातून घराघरांत पोहोचल्या. समिती स्थापन करणारे देवेंद्रराज मेहता यांचीही अशीच कथा. ते १९६९ मध्ये जैसलमेर भागात मोटार अपघातात गंभीर जखमी झाले होते. त्यांचा पाय थोडक्यात वाचला. पैसे नसलेल्या माणसाचं अशा वेळी काय होत असेल, या विचारातून १९७५ मध्ये समिती उभी राहिली.

या केंद्रात येणाऱ्यांत रस्त्यावरच्या अपघातात पाय गमावलेलेही असतात. काहींचा स्वतःचा दोष असतो, अनेकांचा नसतो. कुणी पायी चाललेला, कुणी सायकलवर, कुणी मागच्या सीटवर झोपलेला. दुसऱ्याच्या गाडीचा झिजका टायर त्यांना विचारून घसरत नाही. रात्री रुंद सरळ रस्त्यावर बटण दाबून यंत्रणा बंद करणाऱ्या, गाडी मुद्दाम घसरवून टाळ्या घेणाऱ्या तरुणांना घरच्यांनी एकदा इथे आणावं. व्याख्यानापेक्षा ते जास्त कामाला येईल.

निघण्यापूर्वी

स्वतःच्या गाडीने जयपूरला निघालेल्या, किंवा तिथे भाड्याने गाडी घेणाऱ्या कुटुंबाने थोड्या गोष्टी पाळल्या तरी पुरे.

किल्ली फिरवली की सगळे दिवे लागतात आणि काही सेकंदांत विझतात. विझायला हवा तो विझला नाही, तर निघू नका. लुकलुकणारा दिवा दिसला तर वेग कमी करा. साध्या रस्त्यावर तो वारंवार लुकलुकू लागला, तर आधी टायर बघा, मग संगणक.

चारही टायरांवर हात फिरवा. आतली कडही बघा. फुगा, चिरा, रुतलेला खिळा शोधा. जन्मतारीख वाचा. हवा थंड टायरमध्ये भरा. नेमका आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणावर लिहिलेला असतो.

टायर बदलताना कंपनीने दिलेलं माप आणि वेगाचं अक्षर पाळा. 'एच' म्हणजे ताशी २१० पर्यंत, 'व्ही' म्हणजे २४०, 'डब्ल्यू' २७०, 'वाय' ३००. स्वस्त मिळाला म्हणून खालच्या अक्षराचा घेऊ नका. एकटा बदलू नका, जोडी बदला. दोनच नवे असतील तर ते मागच्या चाकांना, कारण मागचं चाक घसरलं तर सामान्य चालकाला गाडी सावरत नाही. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील, तर अर्थातच ज्याची जागा त्यालाच.

भाड्याच्या गाडीच्या चालकाला हे विचारताना संकोच नको. "भैया, टायर कितने पुराने हैं?" एवढा एक प्रश्न पुरतो. चांगला चालक त्याचा राग मानत नाही, उलट वाकून दाखवतो.

मोती डुंगरीच्या गणपतीला नमस्कार जरूर करावा. नमस्काराला वाकलंच आहे, तर उठण्याआधी चाकाकडेही एक नजर टाकावी.